अठरानंतरचे दिवस

लाकडी फळीत दहा खळगे कोरलेले असतात. डावीकडे वॉशरांची परडी, उजवीकडे प्लॅस्टिकच्या पिशव्या. समोर बसलेल्या तिशीतल्या माणसाला दहापर्यंत मोजता येत नाही. शाळेची सगळी वर्षं गेली, तरी ते जमलं नाही. तो एकेका खळग्यात एकेक वॉशर टाकतो, सगळे खळगे भरले की फळी पिशवीत रिकामी करतो आणि पुन्हा पहिल्या खळग्यापासून सुरुवात करतो. पिशवीत वॉशर दहाच निघतात.

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या कार्यशाळांमध्ये अशा युक्त्या ठिकठिकाणी दिसतात. पणती रंगवताना ती हलू नये म्हणून पुठ्ठ्याचं कडं केलेलं असतं. कागदी पिशवी कुठे दुमडायची ते कळावं म्हणून खाली साचा ठेवलेला असतो. उटणं मापाच्या वाटीत कुठवर घ्यायचं, ते वाटीवरची लाल रेघ सांगते. श्रावण लागला की या कार्यशाळांची दिवाळी सुरू होते आणि राख्या संपेपर्यंत पणत्यांची खोकी येऊन पडतात. मोजणं, वाचणं, अंदाज घेणं हा सगळा भार माणसाच्या डोक्यावरून काढून वस्तूवर ठेवायचा, हे इथलं मुख्य शास्त्र आहे.

या शास्त्राला इतिहास आहे. १९५५ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलन क्लार्क आणि बिआटे हर्मेलिन या मानसशास्त्रज्ञांनी 'लॅन्सेट'मध्ये एक निबंध लिहिला. ज्यांना तेव्हाचं वैद्यक काही शिकण्याच्या पलीकडचे समजत होतं, अशा प्रौढांना त्यांनी कारखान्यात चालणारी साधी कामं शिकवली होती. सुरुवातीला ती मंडळी फार मागे होती, पण सरावाने त्यांचा वेग इतका वाढला की सुरुवातीच्या कामावरून त्यांच्याबद्दल काहीच ठरवता येऊ नये. पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकेत मार्क गोल्ड यांनी मध्यम आणि तीव्र अक्षमता असलेल्या व्यक्तींना सायकलचा १५ भागांचा ब्रेक जुळवायला शिकवला. शिकवताना ते बोलत अगदी कमी. चूक झाली की 'दुसऱ्या पद्धतीने करून बघ' एवढंच म्हणत, आणि त्यांच्या पद्धतीला तेच नाव पडलं. त्यांचं म्हणणं असं की माणूस शिकला नाही तर शिकवण्याची रीत बदलायची. माणसाच्या नावापुढे 'अपात्र' असा शेरा मारायचा नाही.

आपल्याकडच्या कार्यशाळांनी यातलं तंत्र घेतलं, आणि ते चांगलं पेललं. शेऱ्याबद्दलचा भाग मात्र पुष्कळ ठिकाणी मागे राहिला. म्हणून हा लेख, ज्यांचा हात त्या फळीपर्यंतही पोचत नाही त्यांच्याबद्दल.

आधी मुलं आली, शाळा आल्या, कार्यशाळा नंतर. १९४४ साली मुंबईत वकील दांपत्याने आपल्या दीना नावाच्या मुलीसाठी शाळा सुरू केली. तिला डाउन सिंड्रोम होता. शिवडीची जय वकील संस्था ती हीच. पुण्यात १९६४ साली 'कामायनी' उभी राहिली. मुंबईत सोफिया महाविद्यालयाच्या आवारात १९७३ साली साधना स्कूल सुरू झालं. शाळेतली मुलं मोठी झाली, मिशा फुटल्या, पाळी आली, आणि शाळेच्या बाकावर त्यांना किती काळ बसवायचं हा प्रश्न प्रत्येक संस्थेपुढे उभा राहिला. त्याचं उत्तर म्हणून उद्योगकेंद्रं निघाली. साधनातून बाहेर पडलेल्या मुलींसाठी डॉ. राधिके खन्ना यांनी १९९१ साली 'ओम क्रिएशन्स' सुरू केलं, तेही याच गरजेतून.

हा प्रश्न आजच्याइतका मोठा पूर्वी नव्हता, आणि त्याचं कारण दुःखद आहे. ही मुलं फार जगत नसत. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे १९८३ साली डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचं सरासरी आयुष्य २५ वर्षांचं होतं. आज ते ६०च्या आसपास आहे. जन्मजात हृदयदोषाची शस्त्रक्रिया करायला डॉक्टर तयार होऊ लागले, प्रतिजैविकं सहज मिळू लागली, माणसं मोठमोठ्या कोंडवाड्यांसारख्या संस्थांतून बाहेर आली. एका पिढीत एवढा बदल झाला. जे मूल आईच्या आधी जाईल असं डॉक्टर सांगायचे, ते आता आईच्या पश्चात वीस-वीस वर्षं जगतं. आपल्या व्यवस्थेने मात्र अजून हे मूल अठराच्या पुढे नेलेलं नाही.

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा पाहा. ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क त्यात स्पष्ट शब्दांत आहे. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून वाटलेला. ज्याला बोलता येत नाही, ज्याला जेवण भरवावं लागतं, त्याला या एका टक्क्यातून काय मिळणार? त्याच्यासाठी अठरानंतर 'रोज सकाळी जाण्याची जागा' असा हक्क कायद्यात कुठेही लिहिलेला नाही. योजना आहेत, हक्क नाही. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी काही योजना चालतात. 'निरामय' हा एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा, 'घरौंदा' हे प्रौढांसाठी निवासगृह, आणि 'विकास' हे दहा वर्षांपुढच्यांसाठी दिवसाचं केंद्र, किमान सहा तास चालणारं. कागदावर 'विकास' अगदी हवं तसं आहे. पण योजना चालवायला संस्था पुढे यावी लागते. संस्था शहरात असते, आणि शहरातली जागा चौरस फुटाच्या भावाने मिळते. २०११च्या जनगणनेत देशात बौद्धिक अक्षमता असलेल्यांची नोंद १५ लाखांच्या वर झाली होती. ही माणसं शहराच्या हिशेबाने जन्माला येत नाहीत. तालुक्याच्या गावी कुणी शाळा चालवत असेल तर भाग्य. अठरानंतरचं केंद्र शोधत आईबाप जिल्ह्याच्या ठिकाणी बिऱ्हाड हलवतात.

गावातही सौम्य अक्षमतेचा माणूस पुष्कळदा सामावला जातो, हेही सांगायला हवं. तो शेळ्यांमागे जातो, पाणी भरतो, देवळासमोर झाडतो, गाव त्याला नावाने ओळखतं. तीव्र अक्षमतेच्या माणसाला गाव ओळखतच नाही, कारण तो दाराबाहेर येत नाही.

सौम्य, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र हे चार शब्द प्रत्येक पालकाला पाठ असतात. प्रमाणपत्रावर त्यांचे ५०, ७५, ९० आणि १०० असे टक्के पडतात. टक्के ठरवायला जी सामाजिक परिपक्वतेची चाचणी वापरतात, तिचं मूळ अमेरिकेतल्या व्हाइनलँडच्या प्रशिक्षण शाळेत. एडगर डॉल यांनी ती तिथे तयार केली आणि आपल्याकडे ती बसवली नागपूरच्या डॉ. मालिन यांनी. स्वतः पाणी पितो का, बटणं लावतो का, धोका ओळखतो का, अशा प्रश्नांची ती लांबलचक यादी आहे. मला ही चाचणी आवडते, कारण ती पुस्तकी प्रश्न विचारत नाही. पण तिच्या निकालाचा उपयोग फार विचित्र होतो. ज्याला ९० किंवा १०० टक्के मिळाले त्याला मदतीची गरज सर्वांत जास्त, हे सांगण्यासाठी ते आकडे आहेत. प्रत्यक्षात त्याच आकड्यांवर प्रवेश नाकारला जातो. 'स्वतःची स्वच्छता स्वतः राखता यावी', 'वारंवार फिट येत नसावी', 'आक्रमक वर्तन नसावं', 'सूचना समजाव्यात' अशा प्रवेशाच्या अटी अनेक ठिकाणी असतात. या चार अटी पार करणारा माणूस एखाद्या दुकानातही थोड्या मदतीने काम करू शकला असता. ज्याच्यासाठी दुसरी कुठलीच जागा नाही, तो अटींच्या पहिल्याच ओळीत गळतो.

संस्थांना दोष देणं सोपं आहे, आणि पुरेसं खरं नाही. चालणारे, ऐकणारे, रंग भरणारे वीसजण एक ताई आणि एक मावशी सांभाळू शकतात. ज्यांना भरवावं लागतं, उचलावं लागतं, डायपर बदलावा लागतो, असे पाचजण त्याच दोघींना पुरे होतात. देणगीदार येतो तेव्हा त्याला पणत्या दाखवता येतात, आकाशकंदील दाखवता येतात. मान टाकून बसलेल्या माणसाने आज दोन पेल्यांतला ताकाचा पेला डोळ्यांनी निवडला, हे त्याला कसं दाखवायचं? मिनिटभर थांबलं तर दिसतं. पण पाहुण्यांजवळ मिनिट नसतं.

जिथे अशा माणसांनाही घेतात, तिथला दिवस सावकाश चालतो. सकाळी गाडीतून उतरवून घेण्यातच अर्धा तास जातो. आत आल्यावर चित्रांचा तक्ता असतो: ताट, चेंडू, बाग, गाडी. आता काय होणार आणि घरी कधी जायचं हे बघून कळलं की निम्मा आरडाओरडा थांबतो. त्यानंतर निवड. दोन वस्तू समोर धरायच्या आणि थांबायचं. खरोखर थांबायचं, मनात दहापर्यंत मोजून, कारण सेरेब्रल पाल्सीत डोळ्याला आणि हाताला निरोप पोचायला वेळ लागतो. नवख्या ताईला हे सर्वांत कठीण जातं. ती दोन सेकंदांत स्वतःच ठरवून टाकते आणि 'त्याला हेच आवडतं' असं म्हणते. अनेक प्रौढांनी उभ्या आयुष्यात एकदाही स्वतःचा शर्ट निवडलेला नसतो.

जेवण हा दिवसातला सर्वांत मोठा कार्यक्रम. बसण्याची पद्धत आधी ठीक करावी लागते. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, पाय टेकलेले. मान मागे टाकून भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो. पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया हे या माणसांच्या मृत्यूचं एक मोठं कारण आहे, आणि त्याची सुरुवात कित्येकदा चुकीच्या बैठकीतल्या वरणभाताने होते. एकेक घास, गिळल्याची खात्री, मग पुढचा. एका जेवणाला पाऊण तास सहज लागतो. त्या पाऊण तासात भरवणारी मावशी त्या माणसाबद्दल जे शिकते, ते कुठल्याच तपासणीत कळत नाही.

आणि डोकं आपटणं, स्वतःला चावणं, दुसऱ्याच्या अंगावर धावून जाणं. ज्याला 'दुखतंय' म्हणता येत नाही त्याचं हे बोलणं असू शकतं. किडलेला दात, फुटायला आलेला कान, चार दिवसांचा मलावरोध, पाळीच्या आधीची ओटीपोटातली कळ, यांतलं काहीही असू शकतं. पण आधीच 'मतिमंद' असा शिक्का बसलेला असल्याने डॉक्टरसुद्धा वागणं बघतात, दात बघत नाहीत, आणि झोपेचं औषध लिहून देतात. चांगल्या केंद्रात वही असते: केव्हा झालं, आधी काय घडलं, जेवण किती गेलं, शौचास कधी झाली. महिनाभराच्या नोंदी एकाखाली एक वाचल्या की कारण दिसू लागतं. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाच्या बाबतीत या वहीला आणखी महत्त्व आहे. थायरॉइडचा त्रास त्यांच्यात खूप आढळतो आणि स्मृतिभ्रंश इतरांच्या मानाने बराच लवकर, पन्नाशीतच गाठू शकतो. पंधरा वर्षं बिनचूक घडी घालणारा माणूस अडखळू लागला तर ते आळशीपणावर जातं. आधी तो काय करत होता हे कुणी लिहून ठेवलेलं असेल, तरच आजार वेळेवर ध्यानात येतो.

पाळीबद्दल थोडं वेगळं लिहायला हवं. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या काही मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. त्यांना पाळीच्या दिवसांत स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, असं समर्थन तेव्हा दिलं गेलं. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला, देशभर चर्चा झाली. ज्या मुलींच्या शरीरावर हा निर्णय झाला, त्यांना नीट शिकवायला किती वेळ दिला गेला होता, हा प्रश्न मला त्या सगळ्या चर्चेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण हे शिकवता येतं. बाहुलीला पॅड लावून, मग कोऱ्या पॅडवर लाल रंग टाकून, मग स्वतःच्या कपड्यावर. गुंडाळणं, कागदात घालणं, डब्यात टाकणं, हात धुणं, असे लहान लहान टप्पे पाडून महिनोन् महिने तेच करत राहायचं. काहीजणींना सगळे टप्पे जमतात, काहींना दोनच, आणि उरलेल्यांसाठी मदतनीस बाई असते. त्यासाठी दार लागणारं स्वच्छतागृह हवं, पाणी हवं, आणि मोठ्या माणसाला आडवं करून कपडे बदलता येतील असा उंच बाक हवा. हा बाक नसला की विशीतल्या मुलीला फरशीवर आडवं करतात. मी कुठलंही केंद्र बघायला गेले की आधी तो बाक शोधते.

वर्षानुवर्षं चाललेला एक वाद इथे टाळता येणार नाही. अशा वेगळ्या कार्यशाळा असाव्यात की नसाव्यात? दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६चा. भारताने त्याला २००७ साली मान्यता दिली. त्या कराराच्या समितीने २०२२ साली कामाच्या हक्कावर भाष्य करताना, दिव्यांगांना वेगळं बसवून नगण्य मोबदल्यात काम करून घेणाऱ्या कार्यशाळा हळूहळू बंद कराव्यात, अशी स्पष्ट भूमिका घेतली. टीकेतला मोबदल्याचा भाग मला पूर्ण मान्य आहे. आपल्या कार्यशाळांत बहुतेक ठिकाणी मिळतं ते विद्यावेतन. महिन्याला हातावर ठेवावी एवढी रक्कम. जो माणूस वर्षानुवर्षं बाजारात विकलं जाणारं पक्कं काम करतो, त्याला प्रशिक्षणार्थी म्हणत राहणं योग्य नाही. त्याच्या कामाचा हिशेब नगाप्रमाणे व्हावा, आणि पैसे त्याच्या खात्यावर जावेत. मुंबईत जुहूला 'कॅफे अर्पण' आहे. तिथे बौद्धिक अक्षमता असलेली माणसं कामाला आहेत, गिऱ्हाईक कॉफी प्यायला येतं. असं आणखी हवं.

पण सगळ्या भिंती पाडा आणि सगळ्यांना समाजात मिसळू द्या, या घोषणेपुढे १०० टक्क्यांचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाचं काय? अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने २००२च्या सुमारास आपली शेवटची कार्यशाळा बंद केली. त्याआधी त्यांनी माणशी मदतनीस देऊन खुल्या नोकऱ्यांची व्यवस्था उभी केली होती. इंग्लंडमध्ये अनेक डे सेंटर बंद झाली, आणि बदल्यात जे द्यायचं होतं ते काटकसरीत कमी पडलं तिथे माणसं घरी बसली. आपल्याकडे बंद करण्याजोगंही फारसं नाही. इथे केंद्र बंद पडलं की पर्याय एकच उरतो, तो म्हणजे घर; आणि घर म्हणजे आई. हे काल्पनिक राहिलेलं नाही. २०२०च्या मार्चपासून केंद्रं बंद झाली, तेव्हा घराघरांत ते दिसलं. सकाळी दप्तर घेऊन दारात उभा राहणारा चाळिशीचा माणूस, गाडी का येत नाही हे त्याला समजावणार कसं? स्वतःच्या हाताने जेवू लागलेले पुन्हा भरवून घेऊ लागले, रात्रीची झोप गेली. दहा वर्षांत कमावलेलं दहा महिन्यांत निसटलं, असं पालक सांगतात, आणि पुन्हा कमवायला त्यांच्या हातात तेवढी वर्षं नाहीत.

सत्तरीची आई पंचेचाळीस वर्षांच्या मुलाला आंघोळीच्या पाटावरून उचलते. वडील गेलेले असतात, किंवा त्यांनाच आता उचलावं लागतं. भाऊ अमेरिकेत, बहीण तिच्या सासरी. दोघं फोन रोज करतात, पैसे पाठवतात. सरकारी नोकरीतल्या आईबापांमागे दिव्यांग अपत्याला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळतं. त्यासाठी कागद लागतात, आणि अठरानंतर आईबाप कायद्याने पालकही राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालकत्व देते. हे कित्येक घरांना बँकेच्या खिडकीवर पहिल्यांदा कळतं. 'आमच्यामागे कोण?' या प्रश्नाला उत्तर म्हणून पालकांनी स्वतःच निवासी संस्था काढल्या. बदलापूरची 'आधार', डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं 'घरकुल'. त्यांचं मोल मोठं आहे. पण मागणी इतकी की सगळ्यांना पुरणं शक्य नाही. शिवाय माणूस अचानक, आईच्या तेराव्यानंतर, थेट अनोळखी पलंगावर नेऊन ठेवला तर तो कोसळतो. ज्याला वीस वर्षं रोज घराबाहेर जाण्याची, दुसऱ्याच्या हातून खाण्याची, दुसऱ्या ताईचं ऐकण्याची सवय आहे, तो ते पेलू शकतो. दिवसाच्या केंद्राचा हा उपयोग कुठल्याही अहवालात मोजला जात नाही.

डिसेंबर २०२२मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला. त्या विभागाकडे माझं मागणं आहे. अठरापुढच्या प्रत्येक केंद्राला अनुदान डोक्यांवर देऊ नका, गरजेवर द्या. ज्याचे टक्के जास्त, त्याच्यामागे पैसे जास्त, मदतनीस जास्त. म्हणजे ९० टक्क्यांच्या माणसाला घेणं संस्थेला परवडेल, आणि प्रवेशाच्या त्या अटी आपोआप गळतील. मावशींचा पगार वाढवा. विशेष शिक्षकाला पदविका लागते, नोंदणी लागते; भरवणाऱ्या, उचलणाऱ्या बाईला काहीच लागत नाही असं आपण धरून चाललो आहोत. ती सहा महिन्यांत दुसरीकडे घरकामाला जाते, कारण तिथे दोन पैसे जास्त मिळतात. मग ज्या माणसाने तिच्या हातून खायला शिकायला वर्ष घेतलं होतं, त्याचं जेवण पुन्हा पहिल्या घासापासून सुरू होतं. तालुक्याला एक केंद्र, आणि त्याला गाडी. खुर्ची आत चढेल अशी गाडी, कारण गाडी नसली तर केंद्र फक्त जवळ राहणाऱ्यांचं होतं.

दिवाळीच्या प्रदर्शनांत तुम्हाला त्यांचे स्टॉल दिसतील. पणत्या बघून घ्या, रंग पक्का आहे का ते विचारा, पसंत पडल्या तर घ्या. आणि पैसे देऊन झाले की स्टॉलवरच्या ताईंना विचारा: तुमच्याकडे येणाऱ्यांत जेवण भरवावं लागतं असे किती आहेत? मागच्या वर्षी किती होते?